डब्यातले अळीव, पेटीतला पाला

बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, मराठी घरात बाळंतपण आले की दोन डबे भरतात. एक डिंकाच्या लाडवांचा आणि दुसरा अळिवाच्या. अळीव म्हणजे तिळाहून बारीक, विटकरी रंगाचे बी. नारळाच्या पाण्यात भिजत घातले की ते फुगते, बुळबुळीत होते. मग त्यात ओले खोबरे आणि गूळ घालून शिजवायचे आणि लाडू वळायचे. शेजारच्या कानडी घरांत त्याचेच अळवी पायस होते. गुजरातेत याला अशेळियो म्हणतात, हिंदी मुलुखात हालिम म्हणतात आणि हैदराबादकडचे युनानी हकीम हब्ब-उर-रशाद म्हणतात. नावे अनेक, पण बहुतेक घरांत काम एकच: ओल्या बाळंतिणीची भरून न आलेली ताकद भरून काढणे.

हेच बी पेरले तर चार-पाच दिवसांत त्याला हिरवा, झणझणीत पाला येतो आणि तो कच्चा खाता येतो, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिलेले असते. युरोपात नेमके उलटे आहे. तिथे पाला घरोघर ठाऊक, आणि बी खायची चाल जवळजवळ नाही. आपण बी ठेवले आणि पाला सोडला. त्यांनी पाला ठेवला आणि बी सोडले.

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला तो केवळ परसबागेची माहिती देण्यासाठी नव्हे. या बियाचा इतिहास उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात जातो आणि तिथून फिरून तैग्रिस नदीच्या काठी, आपल्या मराठा पलटणींच्या छावणीत येतो. वाटेत तो एक गोष्ट शिकवतो. हाताला सवय असते, पण सवयीमागचे कारण ठाऊक नसते. अशी विद्या वेळेला उपयोगी पडेलच असे नाही.

एका बियाची दोन घरे

अळिवाचे मूळ घर इराणपासून इथिओपियापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात कुठेतरी असावे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला ग्रीक लेखक झेनोफन याच्या 'सायरोपीडिया' या ग्रंथात इराणी मुलांच्या शिक्षणाचे वर्णन आहे. ही मुले शिकायला जाताना घरून भाकरी, तोंडी लावायला 'कार्दामोन' आणि नदीचे पाणी प्यायला एक पेला घेऊन जात. हे कार्दामोन म्हणजे वेलदोडा नव्हे, अळीव. आजही इराणी जेवणात ताज्या पाल्याची थाळी मांडतात आणि तीत अळिवाची पाने असतात. तिथे त्यांना 'शाही' म्हणतात.

भारतात या बियाला वैद्यकात जागा मिळाली. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात ते 'चंद्रशूर' या नावाने येते. मेथी, चंद्रशूर, कलौंजी आणि ओवा या चार बियांच्या मिश्रणाला वैद्य 'चतुर्बीज' म्हणतात. म्हणजे आपल्याकडे अळीव औषधांच्या फळीवर गेले आणि तिथून बाळंतिणीच्या डब्यात आले.

युरोपात पाला खाण्याची चाल रोमन काळापासून चालत आली. अळिवाची एक पाण्यात वाढणारी चुलत बहीण आहे, तिला वॉटरक्रेस म्हणतात. दोघी मोहरीच्या कुळातल्या, दोघींच्या पानांत मोहरीचाच झणका. १८०८ साली विल्यम ब्रॅडबेरी या माणसाने इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या स्प्रिंगहेड येथे झऱ्याच्या वाहत्या पाण्यात वाफे करून वॉटरक्रेसची शेती सुरू केली. पुढे १८६५ साली हॅम्पशायरमधल्या ऑल्सफर्ड गावावरून रेल्वे गेली आणि तिथल्या जुड्या रोज लंडनच्या बाजारात जाऊ लागल्या. त्या लोहमार्गाला आजही वॉटरक्रेस लाइन म्हणतात. पाव आणि वॉटरक्रेसची जुडी ही लंडनच्या कष्टकऱ्यांची न्याहारी होती.

वॉटरक्रेसला वाहते किंवा वरचेवर बदललेले पाणी लागते. साध्या अळिवाला तेवढेही लागत नाही. ओल्या फडक्यावर पसरले तरी ते उगवते. त्यामुळे इंग्रज घरांत खिडकीच्या कट्ट्यावर, ताटलीत, फ्लॅनेलच्या तुकड्यावर पांढरी मोहरी आणि अळीव एकत्र पेरून त्यांचा कोवळा पाला पावाबरोबर खायची रीत पडली. जागा नको, उन्हाचा आग्रह नको, आठवड्याची वाट पाहिली की पुरे. अळिवाच्या याच गुणामुळे ते एका जहाजावर चढले.

बर्फातली पेटी

१८१९ च्या मे महिन्यात लेफ्टनंट विल्यम एडवर्ड पॅरी हा अठ्ठावीस वर्षांचा इंग्रज नौदल अधिकारी 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' ही दोन जहाजे घेऊन निघाला. अटलांटिकमधून उत्तर अमेरिकेच्या वरच्या अंगाने पॅसिफिकमध्ये जाण्याची वाट शोधणे हे त्याचे काम होते. सप्टेंबरमध्ये बर्फाने वाट अडवली आणि दोन्ही जहाजांना मेलव्हिल बेटाच्या किनाऱ्याला, उत्तर अक्षांश ७४ अंशांच्याही वर, हिवाळा काढावा लागला. तिथे नोव्हेंबरच्या आरंभी मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत दिसत नाही. थंडी उणे ४८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरली. जहाजांवर ९४ माणसे होती.

जवळजवळ तीन महिन्यांच्या रात्रीत माणसांची मने खचू नयेत म्हणून पॅरीने जे केले, ते आपल्या मंडळांना ओळखीचे वाटेल. डेकवर कापडाचे छत घालून रंगमंच केला आणि दर पंधरवड्याला अधिकाऱ्यांनीच नाटके केली. पहिला प्रयोग ५ नोव्हेंबरला झाला. एडवर्ड सबाइन या शास्त्रज्ञाच्या संपादकत्वाखाली जहाजावरचे एक साप्ताहिक निघाले आणि त्याचे २१ अंक झाले. परमुलुखात, अंधारात, घरापासून दूर माणसे एकत्र ठेवायची तर नाटक आणि अंक ही दोन साधने उपयोगी पडतात, हे त्यालाही उमगले होते.

पण मनाचा उपाय शरीराला पुरत नाही. त्या काळच्या लांबच्या सफरींचा खरा शत्रू स्कर्व्ही होता. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, दात हलतात, पायांवर काळे-निळे डाग पडतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि शेवटी माणूस जातो. जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ साली जहाजावर प्रयोग करून संत्री आणि लिंबे यांचा गुण दाखवला होता. इंग्रज नौदलाने १७९५ पासून लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली होती. पॅरीकडेही रस होता, आणि तो रोज अधिकाऱ्याच्या देखत प्यावा लागे. मात्र त्या थंडीत रस गोठला आणि कित्येक बाटल्या फुटल्या.

१८२० च्या जानेवारीच्या आरंभी 'हेक्ला'वरच्या तोफांचा प्रमुख स्कॅलन याला स्कर्व्हीची लक्षणे दिसली. पॅरीने आपल्या केबिनमधल्या शेगडीच्या धुराड्याच्या नळीला लागून उथळ लाकडी पेट्या ठेवल्या होत्या. त्यांत माती भरून मोहरी आणि अळीव पेरले होते. बाहेर समुद्र दगडासारखा गोठलेला असताना या पेट्यांत सहाव्या-सातव्या दिवशी पीक तयार होत असे. कोळसा जपून वापरायचा म्हणून रात्री आग विझवत, तरीही दोन-तीन आजाऱ्यांना रोज प्रत्येकी जवळजवळ एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास, पाला मिळू शके. उजेड नसल्याने रोपे फिकी, जवळजवळ रंगहीन येत. पण चव तीच तिखट. नवव्या दिवशी स्कॅलन उठून डेकवर हिंडू लागला, आणि आता आपण पळण्याची शर्यतही लावू शकतो असे त्याने पॅरीला सांगितले.

ही फिकी रोपे कशी दिसली असतील हे आपल्याला वेगळे सांगायला नको. नवरात्रात घटाभोवती काळ्या मातीत जे धान्य रुजवतो, ते देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असेच पिवळे, लांब, नाजूक वाढते. पॅरीची पेटी आणि आपला घट यांत रुजवणाच्या बाबतीत काहीच फरक नाही: उथळ माती, दाट पेरलेले बी, थोडे पाणी, थोडी ऊब.

उन्हाळा आल्यावर पॅरीने माणसांना बेटावर पाठवून तिथली आंबट चुक्यासारखी रानभाजी गोळा करायला लावली. १८२० च्या शरद ऋतूत दोन्ही जहाजे इंग्लंडला परत आली, तेव्हा ९४ जणांपैकी फक्त एकाचा मृत्यू झाला होता. ध्रुवप्रदेशात हिवाळा काढून आलेल्या मोहिमेसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

कारण ठाऊक नव्हते म्हणून

यानंतर पॅरीच्या पेट्या प्रत्येक जहाजावर गेल्या असतील असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. पॅरीचे पुस्तक सर्वांनी वाचले, पण पाल्याने गुण का आला हे कोणालाच सांगता येत नव्हते. स्कॅलनच्या बाबतीत पॅरीने स्वतः दोष त्याच्या ओलसर बिछान्याला दिला होता. कोणी हवेला दोष देई, कोणी खारवलेल्या मांसाला, कोणी आळसाला. कारण पक्के नसले की उपायही पक्का राहत नाही. आज जो 'अनुभव' असतो तो उद्या 'एक जुनी समजूत' ठरतो.

१८६० नंतर इंग्रज नौदलाने भूमध्य समुद्राकडच्या लिंबांऐवजी वेस्ट इंडिजमधली छोटी लिंबे घेतली. दोन्ही आंबट, म्हणून दोन्ही सारखीच, असे धरले गेले. पण नव्या रसात रोग अडवणारा गुण बराच कमी होता. १८७५-७६ मध्ये जॉर्ज नेअर्स याची ध्रुवमोहीम स्कर्व्हीने मोडली. बर्फावरून घसरगाड्या ओढत गेलेल्या तुकड्यांबरोबर लिंबाचा रस दिलाच नव्हता. माणसे एकामागून एक आडवी झाली आणि पुढच्या वर्षी त्याची सरकारी चौकशी झाली. १९०२ साली दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या स्कॉटच्या 'डिस्कव्हरी' जहाजावर स्कर्व्ही उमटली, तेव्हा डॉक्टर रेजिनाल्ड कोटलित्झ यांनी पुन्हा मोहरी आणि अळीव पेरले. ऐंशी वर्षांनंतर तीच पेटी, आणि कारण अजूनही अंधारातच. त्या वेळी कित्येक जाणकारांचे मत होते की स्कर्व्ही बिघडलेल्या डब्यातल्या मांसाच्या विषाने होते.

कोडे सुटायला सुरुवात झाली ती १९०७ मध्ये. नॉर्वेचे आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख यांना दिसले की गिनिपिगला नुसते धान्य घातले तर त्याला माणसासारखीच स्कर्व्ही होते आणि ताजा पाला दिला की बरी होते. त्याच देशातल्या व्हॅलेंटिन फ्यूर्स्ट याने १९१२ मध्ये पुढची पायरी गाठली. कोरड्या धान्याने गिनिपिग आजारी पडतो, पण त्याच धान्याला मोड आणून दिले तर पडत नाही. म्हणजे जो गुण कोरड्या बियात नाही तो ते रुजताना तयार होतो.

आज आपण त्याला क जीवनसत्त्व म्हणतो. कोरड्या बियात ते जवळजवळ नसतेच. पाणी लागले, अंकुर जागा झाला की तो आपल्याजवळच्या साखरेपासून ते बनवू लागतो. अळिवाच्या हिरव्या पाल्यात दर १०० ग्रॅममागे सुमारे ६९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. स्कर्व्ही टाळायला आणि बरी करायला दिवसाला १० मिलिग्रॅमसुद्धा पुरते, असे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफिल्ड येथे स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत दिसले. आता पॅरीच्या एका औंसाचा हिशेब करून पाहा. हिरवा पाला असता तर त्यातून १९ मिलिग्रॅम मिळाले असते. अंधारातल्या फिक्या रोपांत त्याहून कमी असणार, तरी स्कॅलन नऊ दिवसांत का उठला ते या आकड्यांवरून कळते.

कूतचे १४७ दिवस

आता या कथेचा आपल्याशी जवळचा संबंध येतो. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आहे. १९२२ साली जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ही रेजिमेंट बांधली गेली. त्या जुन्या पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. कोकणातली आणि देशावरची, शेतकरी घरांतली पोरे.

१९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या वाटेवर टेसिफॉन येथे लढाई झाली आणि जनरल टाउनशेंडला मागे फिरावे लागले. तैग्रिसच्या वळणात वसलेल्या कूत या गावात डिव्हिजन थांबली. डिसेंबरच्या आरंभी तुर्की सैन्याने वेढा घातला. वेढा फोडायला आलेल्या फौजेचे हजारो लोक पडले, तरी तो फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी, १४७ दिवसांनी, कूत पडले. जे कैदेत गेले त्यांतले पुष्कळ जण परतले नाहीत.

वेढ्यात दोन वेगळे आजार दोन वेगळ्या लोकांत दिसले. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाली, कारण त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा होता. आपल्या सैनिकांना आट्याने बेरीबेरीपासून वाचवले. पण त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. गोरे सैनिक जानेवारीच्या अखेरीपासून घोड्याचे मांस खाऊ लागले होते, आणि ताज्या मांसात थोडे का होईना क जीवनसत्त्व असते. बोकडाच्या मटणाला ज्यांची ना नव्हती अशा मराठ्यांनाही घोडा खाणे जमेना. धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवण्यात आली, तरी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत त्याला हात लावला नाही. माणसे गोळ्यांच्या टप्प्यात जाऊन रानातला पाला उपटून आणत आणि शिजवून खात. भुकेला पाला लागत होता, ते शरीर बरोबर सांगत होते.

कूतबाहेरही हीच स्थिती होती. १९१६ च्या उन्हाळ्यात मेसोपोटेमियातले हजारो हिंदी सैनिक स्कर्व्हीने दवाखान्यांत पडले. शिध्यात आटा होता, डाळ होती, तूप आणि गूळ होता. पोट भरायला ते चालत होते. पण ताजे काही नव्हते.

या यादीतला 'डाळ' हा शब्द आम्हांला सतत अडतो. डाळ म्हणजे भरडून, साल काढून दुभंगलेले कडधान्य. तिला मोड येत नाहीत. अख्खी मटकी, अख्खे मूग, अख्खा हरभरा यांना येतात. या सैनिकांच्या घरी, त्यांच्या आयांच्या हातांनी, आठवड्यातून एक-दोनदा तरी मटकी भिजत पडत असे, फडक्यात बांधून टांगली जात असे, आणि दुसऱ्या दिवशी वीतभर दूरवरून वास यावा अशी तिची उसळ होत असे. घरी ती चवीची आणि काटकसरीची गोष्ट होती. ती प्राण वाचवणारी गोष्ट आहे हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. शिधा ठरवणाऱ्या कचेरीतही कोणाला ठाऊक नव्हते. पोत्यातून डाळ जात राहिली. अख्खे कडधान्य आणि एक ओले गोणपाट एवढ्याने जे झाले असते, ते झाले नाही.

मोडांचे शास्त्र

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये या प्रश्नावर काम सुरू झाले ते मेसोपोटेमियाच्या अनुभवानंतर. पुरुष शास्त्रज्ञ युद्धावर गेल्याने तिथले आहारावरचे संशोधन बहुतांशी स्त्रियांच्या हाती होते. हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी १९१७ मध्ये बेरीबेरी आणि स्कर्व्ही या दोन्हींचा आहाराशी असलेला संबंध मांडला आणि ताजी भाजी मिळत नसेल तिथे सैनिकांना मोड आलेली कडधान्ये द्यावीत असे सुचवले. १९१९ मध्ये चिक आणि डेल्फ यांनी कोरड्या आणि मोड आलेल्या बियांची तुलना प्रयोगाने दाखवली. त्यांची कृती वाचताना आपल्या स्वयंपाकघराची आठवण येते: बी सालासकट अख्खे घ्या, भिजवा, पाणी काढून ओलसर आणि हवेशीर ठेवा, मोड आले की शिजवा आणि गरजेपेक्षा जास्त शिजवू नका.

आपल्याकडे ही कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तिकडे कारण सापडले, इकडे कृती होती. दोन्ही एका ठिकाणी वेळेवर आली असती तर कूतच्या आणि बसऱ्याच्या दवाखान्यांतल्या कित्येक खाटा रिकाम्या राहिल्या असत्या, असे म्हणायला आम्हांला संकोच वाटत नाही. पुढे १९२८ साली हंगेरीच्या अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी तो पदार्थ वेगळा काढला, १९३२ मध्ये तेच क जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले, आणि कोडे संपले.

आपल्या अळिवाच्या डब्याकडेही आता नीट पाहता येते. लाडवात जाणारे बी लोहासाठी चांगले. बाळंतपणात गेलेले रक्त भरून यायला लोह लागते. पण लाडू शिजतो आणि बी कोरडे असते, म्हणून त्यात क जीवनसत्त्व शोधू नये. ते पाल्यात असते. आणि अन्नातले लोह शरीरात नीट मुरायला क जीवनसत्त्वाची मदत होते. बी आणि पाला ही एकमेकांची जोड आहे. दोन खंडांनी या जोडीतले एक एक वाटून घेतले होते, एवढेच.

परातीतली बाग

हा पाला घरी करणे अगदी सोपे आहे, आणि बेळगावची भाद्रपदातली दमट, थंड हवा त्याला मानवते.

उथळ भांडे घ्यावे. जुनी परात, मिठाईचा प्लास्टिकचा डबा, फळांची लाकडी पेटी, काहीही चालते. तळाला दोन-चार भोके पाडावीत. त्यात दोन बोटे भुसभुशीत माती आणि चांगले कुजलेले खत भरावे. मातीची कटकट नको असेल तर कापूस किंवा जुन्या पंचाचा दुमडलेला ओला तुकडाही पुरतो. किराणा दुकानातले खाण्याचे अळीव घ्यावे, शक्यतो नव्या हंगामाचे. शेतीच्या दुकानातले औषध लावलेले बी खाण्याच्या पिकाला कधीही घेऊ नये.

मटकीप्रमाणे अळीव आधी भिजत घालायचे नाही. भिजले की त्याचा गोळा होतो आणि मग ते पसरता येत नाही. ओल्या मातीवर कोरडेच बी एकेरी थरात भुरभुरावे. वर माती टाकू नये. ओले फडके किंवा वर्तमानपत्र दोन दिवस झाकावे. बियाभोवती बुळबुळीत कवच तयार होईल. ते पाणी धरून ठेवते, म्हणून घाबरू नये. मोड दिसले की झाकण काढून भांडे खिडकीत ठेवावे. पाणी ओतू नये, हाताने शिंपडावे. पाणी साचले तर मुळाशी बुरशी धरते. सातव्या ते दहाव्या दिवशी रोपे तीन-चार बोटे उंच होतात. कात्रीने बुडाजवळ कापून, धुऊन लगेच खावीत. मेथीसारखी ही रोपे पुन्हा जोमाने फुटत नाहीत, म्हणून दर आठवड्याला दुसरी परात पेरली की घरात पाला सतत राहतो.

चव कोवळ्या मोहरीसारखी. काकडीच्या कोशिंबिरीत, दह्यात, पोह्यांवर कोथिंबिरीबरोबर, थालीपिठाच्या जोडीला तो चांगला लागतो. शिजवला तर झणका जातो आणि गुणही बराच जातो, म्हणून वरून कच्चाच घालावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. आपल्याकडे अळीव बाळंतपणानंतर देतात, गरोदरपणात देत नाहीत. हा जुना नियम पाळावा आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे. दुसरे, कोणी वॉटरक्रेस लावणार असेल तर ती कुंडीत, पिण्याच्या पाण्यावर वाढवावी आणि कुंडीखालच्या ताटलीतले पाणी रोज बदलावे. ओढ्याकाठची, जिथे गुरे-मेंढ्या चरतात तिथली वॉटरक्रेस कच्ची खाऊ नये. यकृतात वाढणारे कृमी तिच्यातून पोटात जातात.

आपण सीमाभागातली मराठी माणसे भाषा टिकवण्याविषयी पुष्कळ बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. भाषेबरोबर घरातल्या कृतीही टिकवायच्या असतात, पण नुसत्या कृती टिकवून भागत नाही, हे पॅरीच्या पेट्या आणि कूतच्या शिध्याची यादी दोन्ही सांगतात. आजीने मटकी का भिजवली, बाळंतिणीला अळीव का दिले, गरोदरपणात का दिले नाही, याची उत्तरे आज आपल्याला ठाऊक आहेत. ती पुढच्या पिढीला कृतीबरोबर द्यायला हवीत. नाहीतर डबा राहतो, आणि पुढे कधीतरी तोही 'जुनी समजूत' म्हणून फळीवरून उतरतो.

चतुर्थीला गणपतीची स्थापना झाली की मुलांच्या हातून एक उथळ डबा पेरून घ्यावा. मोड येत असताना त्यांना बर्फातल्या पेटीची गोष्ट सांगावी आणि तैग्रिसकाठच्या आपल्या पलटणींचीही सांगावी. कॅम्पातल्या केंद्रावरून जाताना ती त्यांना आठवेल. पाऊसपाणी नीट राहिले तर अनंत चतुर्दशीच्या जेवणात त्यांनी स्वतः पिकवलेला पाला पानात येईल.